पस्तीस पावलं, सहा रविवार

वैशू,

तुझ्या अंत्यविधीला आलेले सगळे ईराला मिठी मारत होते आणि मी चहाचा कागदी कप घेऊन भिंतीपाशी उभी होते. तुझ्या लॅबमधल्या बायका आल्या, घरमालक ब्रायन आला, हॅमिल्टनची आपली मराठी मंडळी आली. प्रत्येक जण आधी माझ्या मुलीकडे गेला. तिचे हात हातात घेतले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपली पंचवीस वर्षांची मैत्री. तुझ्या प्रत्येक फॉर्मवर अडीअडचणीला कळवायचं माणूस म्हणून माझं नाव असायचं. पण तुझ्या लॅबमधल्या एका बाईने मला फार अदबीने विचारलं की तुमची आणि वैशालीची ओळख कशी. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी ईराची आई."

"ओह, ईराज मम," ती म्हणाली, आणि मग तिने मलाही मिठी मारली.

तू समोर पेटीत होतीस, अंगावर ती मोरपंखी साडी होती, आणि मला तुझा हेवा वाटत होता. लिहायला लाज वाटते. पण तुझ्याशी आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

आपण इथे शिकायला आलो तेव्हा चौघींत मिळून एक हीटर होता. युनिव्हर्सिटीजवळचं ते लाकडी घर, भिंतींना बुरशी, आणि तू सांगलीहून आणलेला कांदा-लसूण मसाला, ज्याच्यावर आपण पहिला हिवाळा काढला. तू फूड टेक्नॉलॉजीला, मी कॉम्प्युटरला. मला सगळ्याची घाई. नोकरी लागताच मी ऑकलंडला पळाले, अभयशी लग्न केलं, ईरा झाली, आणि काही वर्षांनी तिथल्याच फ्लॅट बुश उपनगरात चार बेडरूमचं घर घेतलं. तू तिथेच राहिलीस. हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीत दुधाच्या पावडरीचे नमुने तपासत, ब्रायनच्या शेतावरच्या दोन खोल्यांच्या कॉटेजमध्ये, एकटी. मी तुझ्याकडे यायचे तेव्हा डबे भरून आणायचे. तुला वाटायचं प्रेमाने आणते. प्रेम होतंच, पण कीवही होती, वैशू. मला तुझी कीव करायला आवडायचं.

बदकांची शिकार तू कशी सुरू केलीस ते तू कितीदा तरी सांगितलं असशील. मे महिन्यातला हंगामाचा पहिला शनिवार, पहाटे तळ्यावर बार सुरू झाले, तू दचकून उठलीस आणि गाऊनवर जॅकेट चढवून, पायात रबरी जँडल्स, दवाने भिजलेल्या गवतातून ब्रायनला जाब विचारायला गेलीस. परत आलीस ती पिशवीत दोन बदकं घेऊन. त्यांचं सुकं केलंस, त्याला नेऊन दिलंस, आणि पुढच्या वर्षी तूच त्याच्या शेजारी बसलेली होतीस. रीतसर कोर्स केलास, परवाना काढलास, भिंतीत बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवून घेतलंस, जुनी दुनळी बंदूक घेतलीस. मी ऑकलंडमध्ये लोकांना हे गंमत म्हणून सांगायचे. आमची एक मैत्रीण आहे, तिकडे हॅमिल्टनला, बंदूक चालवते. लोक हसायचे. मीही हसायचे.

मग ईराला तिथल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला आणि मीच तुला फोन केला. "वैशू, लक्ष ठेव गं तिच्यावर. रविवारी जेवायला बोलावत जा."

तू बोलावलंस. तुझ्या स्वभावाप्रमाणे एकही रविवार चुकवला नाहीस.

पहिलं वर्ष मला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी ईराचा फोन आला आणि ती म्हणाली, "आई, आज आम्ही कागदावर छर्रे मोजले." मी गाडीत होते. गाडी बाजूला घेतली. तुला माहितीये, मी तिच्याशी जन्मापासून मराठी बोलत आले आणि ती मला जन्मापासून इंग्रजीत उत्तर देत आली. कविता पाठ करून घेतल्या, शनिवारच्या मराठी शाळेत घातलं, रागावले, लाच दिली. "मम, आय अंडरस्टँड यू, इट्स फाइन," एवढंच. आणि आता ही मुलगी आपणहून, न अडखळता, छर्रे म्हणत होती. दोन मिनिटं मला नुसता आनंद झाला. मग मी विचारलं, "हा शब्द कुठून आला?"

"मावशी म्हणते. मावशीला पेलेट्स म्हटलेलं नाही आवडत."

त्या दिवसापासून माझ्या मनात जे सुरू झालं त्याला चांगलं नाव नाही. मी तिला विचारलंही एकदा, मावशीशी कसं गं बोलतेस मराठीत? ती म्हणाली, "ती मला करेक्ट नाही करत." तू कधीच थांबवलं नाहीस तिला. तो बदक म्हणाली तरी तू पुढचं ऐकत राहिलीस. मी पहिल्याच शब्दाला ते बदक, ते, असं करायचे, आणि ती गप्प व्हायची. इतकं साधं होतं. मला वीस वर्षांत सुचलं नाही आणि तुला, जिला मूल नाही, तिला पहिल्या दिवशी सुचलं.

तुझ्यावर चिडायला काहीतरी कारण हवं होतं. ते मला बंदुकीच्या पल्ल्यात सापडलं.

तुझा नियम होता पस्तीस पावलं. पाण्यावर तरंगत ठेवलेल्या प्लास्टिकच्या बदकांपैकी सगळ्यात लांबचं पस्तीस पावलांवर, आणि खरं बदक त्याच्या अलीकडे आल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही. मी या विषयात शून्य, पण माझा धंदाच माहिती शोधण्याचा. मी चार दिवस वाचलं आणि तुला लिंका पाठवायला लागले. काडतुसाच्या खोक्यावरचा वेग बघ. छर्रे दोनशे मीटरच्या पुढे जातात. अमक्या फोरमवर एकाने साठ मीटरवर बदक पाडलंय. मग तुझं पस्तीस कुठून आलं? कुणी सांगितलं, ब्रायनने?

तू लिहून उत्तर द्यायची नाहीस, व्हॉइस नोट पाठवायचीस. मागे किटलीचा आवाज. "मंजू, छर्रे पोचतात गं. मारत नाहीत." दुसऱ्या दिवशी आणखी एक. "जो साठवर पाडल्याचं सांगतो ना, तो बाकीच्यांचं सांगत नाही. जी लागून उडून गेली त्यांचं."

मी हट्ट सोडला नाही. तेव्हा पुढच्या भेटीत तू आणि ईराने मला मोठे कागद दाखवले. जेवणाच्या टेबलाएवढे. प्रत्येकावर तुम्ही एकेकच बार काढला होता, वीस पावलांवरून, तीस, चाळीस, पन्नास. जिथे छर्रे दाट पडले होते तिथे ईराने दोरी आणि पेन्सिलने हातभर रुंदीचं वर्तुळ काढलं होतं आणि आतली भोकं मोजून कोपऱ्यात लिहिली होती. वाढणाऱ्या अंतराबरोबर आकडा धडाधड खाली आला होता. मग ईराने पुठ्ठ्याचं कापलेलं बदक काढलं. वीसच्या कागदावर ठेवलं, कुठेही ठेवलं तरी खाली भोकंच भोकं. तीसच्या कागदावर तेच. पन्नासच्या कागदावर ते पुठ्ठ्याचं बदक तिने दोन भोकांच्या मध्ये असं अलगद सरकवलं की त्याला एकही छर्रा लागला नाही.

"आणि इथे ठेवलं तर एकच लागतो," ती म्हणाली आणि बदक बोटभर सरकवलं. "पोटात. मग तो मरतो, पण परवा. कुठेतरी गवतात."

"मोठे छर्रे घ्या मग," मी म्हटलं.

"मोठे घेतले की काडतुसात कमी मावतात," तू म्हणालीस. "मध्ये आणखी मोकळी जागा. बारीक घेतले तर भरपूर मावतात, पण लांब गेल्यावर त्यांच्यात जोर उरत नाही. आणि पाण्याजवळ शिसं चालत नाही, पोलादाचेच लागतात. पोलाद हलकं, लवकर दमतं. माझ्या बंदुकीला, या काडतुसाला, पस्तीस. दुसऱ्याच्या बंदुकीला दुसरं असेल, त्याने त्याचे कागद काढावेत."

तुझं म्हणणं पटण्यासारखं होतं. तो कागद बघून कुणालाही पटलं असतं. पण मी कागद बघतच नव्हते. ईराने त्या कोपऱ्यांमध्ये आकडे देवनागरीत लिहिले होते, ते बघत होते.

या मे महिन्यात मी स्वतःच म्हटलं, मी पण येते. तुला किती आनंद झाला होता. पावसाळी पँट, गमबूट, कानाचे बोळे, सगळं जमवून ठेवलंस. शिकारीचा परवाना मी ऑनलाइन काढला. बंदुकीचा परवाना नव्हता, पण परवानेवाल्या माणसाच्या अगदी शेजारी उभं राहून चालवता येते, हे तूच सांगितलंस. शनिवारी पहाटे आपण तिघी आणि तुझी काळी कुत्री गुंडी, तळ्याकाठच्या त्या फांद्या-जाळीच्या आडोशात बसलो. इथले त्याला माईमाई म्हणतात, तू त्याला मचाण म्हणायचीस, जमिनीवर असूनही. धुकं एवढं की प्लास्टिकची बदकं दिसत नव्हती. ईराने थर्मासचं झाकण तुझ्यापुढे धरलं, तू न बघता प्यायलीस आणि परत दिलंस. बोलायची गरजच पडत नव्हती तुम्हाला. मी बोलले की दोघी माझ्याकडे वळून बघायचात.

तुमच्यात एकच बंदूक. पहिली पाळी ईराची. उजाडलं, धुकं वर उचललं गेलं आणि चार बदकं वळसा घेऊन आली. ईरा हलली नाही. तू पुटपुटलीस, "गळ्याभोवतीची पांढरी कडी दिसली का?"

"नाही."

"मग थांब."

ती थांबली. बदकं आणखी एक गिरकी घेऊन, पाय पुढे काढून उतरायला लागली, तेव्हा ती उठली आणि एक बार काढला. नर जागच्या जागी पाण्यात पडला. गुंडीने आणून दिला. तू एवढंच म्हणालीस, "छान." आणि माझ्या मुलीचा चेहरा असा उजळला, वैशू, की मी दुसरीकडे बघायला लागले. मी तिचं केवढं कौतुक केलंय आजवर. स्टिकर, केक, फेसबुकवर पोस्टी. तो चेहरा मला कधी मिळाला नव्हता.

मग माझी पाळी. तू दोन काडतुसं घातलीस, माझ्या खांद्यामागे उभी राहिलीस, तुझा हात माझ्या कोपराखाली होता. एक जोडी आली. आत वळली नाही, पलीकडच्या काठाने सरळ निघाली. मलाही कळत होतं की लांब आहे. "नको, मंजू, लांब आहे," तू म्हणालीस. शांतपणे म्हणालीस. ईरा माझ्याकडे बघत होती. मी घोडा ओढला.

मागचं बदक हवेत दचकलं. एक पाय खाली लोंबकळला. पडलं नाही. तसंच तिरकं, पंख ताठ करून उतरत गेलं आणि पलीकडच्या पाणकणसात शिरलं.

तू माझ्या हातातून बंदूक घेतलीस, उघडलीस, उरलेलं काडतूस काढलंस आणि खिशात टाकलंस. "चला, शोधू," म्हणालीस. मला एक शब्द बोलली असतीस तर बरं झालं असतं. दोन तास तुम्ही कंबरेएवढ्या पाण्यात पाणकणीस बाजूला करत फिरलात. वरून बदकांचे थवेच्या थवे जात होते, वर्षातली सगळ्यात चांगली सकाळ, आणि तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत. मी काठावर उभी. माझे बूट तेवढे उंच नव्हते. ईरा एकदा माझ्या अगदी जवळून गेली, तेव्हा मी म्हटलं, "लागलं तरी होतं ना गं." ती थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "दॅट्स द प्रॉब्लेम, मम."

बदक सापडलं नाही. ईरा ब्रायनकडे जेवायला पुढे गेली आणि तुझ्या स्वयंपाकघरात आपण दोघीच उरलो. तू ओले मोजे हीटरवर टाकत होतीस. तू भांडत नव्हतीस, हेच मला सहन होईना. मी म्हणाले ते तुला शब्दन् शब्द आठवत असेल. मलाही आठवतं. "तुला स्वतःचं मूल नाही म्हणून माझं घेतलंस."

तुझ्या हातात एक मोजा होता. तो तू नीट सरळ केलास आणि हीटरवर ठेवलास. मग म्हणालीस, "चहा टाकू का तुला? गाडी चालवायचीये."

मी चहा न घेता निघाले. नंतर आपण बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात रविवारी ईरा घरी आली. आपणहून. परीक्षा जवळ आलीये, घरचं जेवण हवंय, म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. मग दर रविवारी. मी शनिवारपासून स्वयंपाकाला लागायचे. पिठलं, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी. दुपारी ती सोफ्यावर माझ्या मांडीवर पाय टाकून अभ्यास करायची. मी एकदा तिच्या डोक्याला तेल लावलं, तिने लावू दिलं. आणि मी काय केलं सांगू? त्याचे फोटो काढून स्टेटसला टाकले. सगळ्यांसाठी नाही, तुझ्यासाठी. कोणी कोणी पाहिलं ती यादी उघडून बसायचे. सगळ्यात आधी तुझं नाव असायचं. मला वाटायचं, बघ. आली की नाही परत. मी जिंकले होते, वैशू. सहा रविवार मी जिंकत होते.

सहाव्या रविवारनंतरच्या बुधवारी तू लॅबमध्ये सकाळच्या चहाला उठलीस आणि खाली कोसळलीस. डोक्यात रक्तस्राव झाला होता. फॉर्मवर माझं नाव होतं म्हणून फोन मला आला. मी मोटरवेवर असतानाच दुसरा फोन आला, की आता सावकाश या.

अंत्यविधीच्या दिवशी, त्या चहाच्या टेबलापाशी, ब्रायन माझ्याजवळ आला. टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "तुझं ते बदक तिला सापडलं होतं, माहितीये ना?"

मला माहीत नव्हतं.

"सोमवारी उजाडता उजाडता कुत्रीला घेऊन आली होती, कामाला जायच्या आधी. रविवारीही दिवसभर शोधत होती. काठाखाली बसलेलं होतं, जिवंत. तिने त्याला मारून यातनेतून मोकळं केलं. मला म्हणाली, मंजिरीला सांगू नकोस." टोपी हातात फिरवत तो पुढे म्हणाला, "त्यानंतर तिने बंदूक कपाटातून काढलीच नाही. एवढा हंगाम, तळं भरलेलं. रविवारी नुसती कुत्रीबरोबर त्या आडोशात जाऊन बसायची, थर्मास घेऊन. मला वाटलं तब्येत बरी नाही की काय. विचारलं तर म्हणाली, स्वीट ॲज, ब्रायन, सगळं ठीक आहे."

मी त्याला थँक यू म्हटलं.

मागच्या आठवड्यात ईरा आणि मी तुझं घर आवरायला गेलो. तुझा भाऊ सांगलीहून व्हिडिओ कॉलवर होता. साड्या इकडे द्या, भांडी तिकडे द्या, तुम्ही ठरवा, असं म्हणत म्हणत तो रडायला लागला. बंदुकीचं विचारलं तर म्हणाला, "ती ईराचीच. ताई मागेच म्हणाली होती." कॉल बंद झाला. दुपारची उन्हं तुझ्या ओट्यावर आली होती. ईरा मसाल्याच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि मी, कशी कोण जाणे, तिला सांगून टाकलं. त्याच हीटरकडे बघत. तुला मी काय बोलले ते सगळं.

तिचे हात थांबले.

"कधी?" तिने विचारलं.

"त्या शनिवारी. तू ब्रायनकडे गेली होतीस तेव्हा."

तिने हातातली बाटली ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणून."

"म्हणून काय?"

"मावशीने मला सांगितलं होतं संडेला घरी जा. दर संडेला. मी म्हटलं, पण सीझन आहे. ती म्हणाली, बदकं पुढच्या मेमध्ये पण येतात. ती म्हणाली, आईला तू पाहिजे आहेस, पण तिला मागता येत नाही. तू जा. मी पाठवलं असं सांगू नको." ती एका दमात बोलली, सगळं मराठीत, आणि मग तिचा आवाज फुटला. "मला वाटलं ती मला कंटाळली. सिक्स वीक्स मला वाटत होतं मी काहीतरी चुकीचं केलं. मी तिला विचारणार होते परीक्षा झाल्यावर."

मी तिच्याजवळ गेले. तिने हात पुढे करून मला तिथेच थांबवलं. "नको. आत्ता नको, आई." मग गुंडीला हाक मारून ती बाहेर गेली. मी खिडकीतून बघत राहिले. दोघी कुंपणाच्या कडेने तळ्याकडे गेल्या.

तासाभराने आली. डोळे सुजलेले, बूट चिखलाने भरलेले. "तुला हे मला सांगायची गरज नव्हती," ती म्हणाली.

"हो."

"मला कळलंच नसतं."

"हो."

ती खाली बसली आणि वर्तमानपत्राचा कागद पुढे ओढला. "हळद इकडे दे," म्हणाली. आम्ही अंधार पडायच्या आत स्वयंपाकघर संपवलं. गुंडी ब्रायनकडे राहणार आहे. ईरा कॉटेज भाड्याने घ्यायचं म्हणतेय, शेवटच्या सेमिस्टरपुरतं तरी. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी फोनवर नेहमीपेक्षा कमी बोलते. बोलते तेव्हा मराठीत बोलते, पण ते माझ्यासाठी आहे असं मी आता समजत नाही.

मला तुझी माफी मागायची आहे. ते वाक्य मी बोलायला नको होतं. खरं तर ते उलटं होतं. तू काहीच घेतलं नव्हतंस. मी वीस वर्षं जिला धरून ठेवलं होतं ती तुझ्याकडे आपल्या पायांनी गेली, आणि मी तुला तसं बोलले तरी तू तिला माझ्या दारात आणून सोडलंस आणि मागे फिरलीस. मी तुला पल्ला शिकवायला निघाले होते. तू दोन दिवस थंड पाण्यात फिरून माझी चूक निस्तरलीस आणि मला कळूही दिलं नाहीस. असा मोठेपणा तुला कुठून येतो, याचाही मला हेवा वाटतो. तू एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतंस. मग आपण बरोबरीत राहिलो असतो.

ब्रायनने सांगितलेलं मनातून जात नाही. तू तिथे थर्मास घेऊन बसली होतीस, आणि त्याच वेळी ईराचे पाय माझ्या मांडीवर होते. तुझ्या आयुष्यातले ते शेवटचे सहा रविवार होते आणि ते तू मला दिलेस. ईराला वाटतं मी ते तुझ्यापासून आणि तिच्यापासून चोरले. तिचं बरोबर आहे. तिने मला तसं म्हटलं तरी मी उत्तर देणार नाही.

पण तुला खरं सांगते, कारण या पत्रात मी तुला खरंच सांगत आले, वाईट असलं तरी. आत्ता तू दार उघडून आत आलीस, ओले मोजे काढलेस आणि म्हणालीस, मंजू, त्यातला एक मला परत दे, एकच, तर मी तुला बंदूक देईन, घर देईन, त्या वाक्याबद्दल तुझे पाय धरीन. रविवार देणार नाही.

मंजिरी